‘गो मॉल’च्या रस्त्यावर

मागच्या वर्षी मे महिन्याच्या शेवटी आम्ही इंदूरहून निघालो तेव्हा पारा ४२ वर होता. डब्लिनच्या विमानतळाबाहेर पडलो तर १३ अंश आणि वर भुरभुर पाऊस. आईने आधी शाल काढून नातीला गुंडाळली, मग आभाळाकडे बघून म्हणाली, “याला उन्हाळा म्हणतात का हे लोक?”

माझा धाकटा भाऊ डब्लिनला नोकरीला आहे. “एकदा या” म्हणून त्याचा केव्हापासून तगादा होता. शेवटी मी, नवरा, आठ वर्षांची लेक आणि आई असे चौघं निघालो. तीन दिवस भावाकडे राहायचं, मग भाड्याची गाडी घेऊन आठ दिवस पश्चिमेचा समुद्रकिनारा बघायचा, असा बेत होता. आयर्लंडमध्ये गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूने चालतात, त्यामुळे नवरा खुशीत होता. खेड्यातले अरुंद रस्ते आणि दोन्ही बाजूंच्या दगडी भिंती बघितल्यावर ती खुशी जरा उतरली. समोरून ट्रॅक्टर आला की कुणीतरी एकाने मागे जायचं, आणि तो एक बहुतेक वेळा आम्हीच असायचो.

डब्लिन पूर्व किनाऱ्यावर, गॉलवे पश्चिम किनाऱ्यावर. अख्खा देश आडवा ओलांडायला अडीच तास लागले. इंदूरहून भोपाळला जायला साधारण एवढाच वेळ लागतो. वाटेतल्या प्रत्येक पाटीवर गावाचं नाव दोनदा होतं, वर तिरप्या अक्षरांत आयरिश भाषेत आणि खाली इंग्रजीत. लेकीला त्याचा खेळच झाला. जिथे इंग्रजीत ‘बॅली’ तिथे बहुतेक वेळा आयरिशमध्ये ‘बाल्या’, म्हणजे गाव किंवा वस्ती. ‘किल’ दिसलं की बऱ्याचदा मूळ शब्द चर्चचा. ‘डन’ म्हणजे किल्ला. आपल्याकडे नावाच्या शेवटी गाव, पूर किंवा गड येतो, त्यांच्याकडे तो सुरुवातीला येतो, एवढाच फरक.

गॉलवे हे हसरं शहर आहे. क्वे स्ट्रीटच्या दगडी गल्लीत दर वीस पावलांवर कुणीतरी फिडल किंवा गिटार वाजवत उभं असतं. सूर्य रात्री पावणेदहाच्या सुमाराला मावळतो, त्यामुळे “अजून उजेड आहे ना!” हे लेकीचं पालुपद सुरू झालं आणि तिला झोपवणं अवघड होऊन बसलं. जेवणाचे हाल होतील ही आईची भीती मात्र खोटी ठरली. भाज्यांचं गरम सूप आणि बरोबर खमीर न घालता सोड्यावर फुगवलेला गव्हाचा तपकिरी पाव जवळपास सगळीकडे मिळाला. त्यावर लोण्याचा जाड थर. आई सूपमध्ये इंदूरची लसणाची शेव घालायची आणि आजूबाजूचे लोक कुतूहलाने बघायचे.

गॉलवेहून दक्षिणेला निघालं की बरेन नावाचा प्रदेश लागतो. डोंगरच्या डोंगर चुनखडीच्या उघड्या दगडाचे, जणू कुणी मैलोन्मैल शहाबादी फरशी अंथरली आणि मग ती जागोजागी तडकली. त्या भेगांमधून निळी-जांभळी फुलं वर आलेली. तिथून पुढे मोहरचे कडे. सुमारे १४ किलोमीटर पसरलेले, आणि सर्वांत उंच ठिकाणी २१४ मीटर सरळ खाली अटलांटिक. वाऱ्याने उभं राहू देईना. लेकीला दुर्बिणीतून पफिन दिसले. नारिंगी चोचीचे ते गुबगुबीत पक्षी उन्हाळ्यात अंडी घालायला या कड्यांवर येतात. आईने कठड्याला धरून एकदा खाली बघितलं आणि हात जोडले.

मग शॅनन नदीचं रुंद मुख ओलांडायला गाडीसकट फेरीबोटीत चढलो. वीस मिनिटांत पलीकडे केरी परगणा. त्या परगण्यातला डिंगल द्वीपकल्प हा आमच्या प्रवासाचा मुख्य मुक्काम होता.

द्वीपकल्पाच्या पश्चिम टोकाकडे जाताना एका वळणावर रस्त्यावरच मोठ्या पांढऱ्या अक्षरांत लिहिलेलं होतं, ‘गो मॉल’. नवरा म्हणाला, “इथे मॉल? चारी बाजूंनी नुसत्या मेंढ्या आहेत.” भावाला फोन केला तेव्हा तो पोट धरून हसला. ते इंग्रजी नव्हतंच. आयरिश भाषेत त्याचा अर्थ ‘सावकाश’. आम्ही गेलटाख्टमध्ये शिरलो होतो. जिथे आयरिश ही अजूनही रोजच्या बोलण्याची भाषा आहे अशा, सरकारने आखून दिलेल्या भागांना गेलटाख्ट म्हणतात. इथल्या पाट्यांवरून इंग्रजी गायब होतं.

डिंगल गावाच्या नावाचीही एक गोष्ट आहे. २००५ मध्ये सरकारने गेलटाख्टमधल्या गावांची अधिकृत नावं फक्त आयरिशमध्ये केली आणि डिंगलचं ‘अन डँगन’ झालं. गावाला ते पटलं नाही. पर्यटक गोंधळतील, धंदा बुडेल, अशी लोकांना काळजी होती. २००६ मध्ये गावाने मतदान घेतलं आणि प्रचंड बहुमताने दोन्ही भाषांतली नावं मागितली. पुढे कायदा बदलून ती मिळालीही. पाट्यांवरून होणारी भांडणं आपल्या लोकांना नवीन नाहीत, त्यामुळे ही गोष्ट मी आवडीने ऐकली. पण बंदराजवळच्या दुकानांमधून मी हिंडले तेव्हा पाट्या दोन भाषांत आणि कानावर पडणारं बोलणं मात्र जवळजवळ सगळं इंग्रजी होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही अगदी टोकाला, दून खीन नावाच्या गावी गेलो. समोर समुद्रात ब्लास्केट बेटं. मोठ्या बेटावर एके काळी पावणेदोनशेच्या आसपास माणसं राहत होती. मासे, मेंढ्या आणि बटाटे यांवर त्यांचा संसार चाले. तरुण मुलं अमेरिकेला जात राहिली आणि म्हातारी माणसं मागे उरली. वादळात बेट आठवडेच्या आठवडे तुटून पडायचं. हवा खराब असल्याने डॉक्टर पोचू शकला नाही आणि एक तरुण मुलगा आजारात गेला, त्यानंतर लोकांचा धीर सुटला. १९५३ मध्ये शेवटच्या २२ जणांना सरकारने मुख्य भूमीवर आणलं.

किनाऱ्यावर या बेटाचं संग्रहालय आहे. त्याची लांबलचक मार्गिका चालत शेवटाला गेलं की मोठ्या काचेतून समोर ते रिकामं बेट दिसतं. एवढ्याशा वस्तीतून आयरिश भाषेतली काही गाजलेली पुस्तकं आली. तोमास ओ क्रिहन या कोळ्याने मोठेपणी स्वतःची भाषा लिहायला-वाचायला शिकून आत्मचरित्र लिहिलं, ते १९२९ मध्ये छापलं गेलं. पेग सेयर्सला तर आयरिश लिहिता येत नव्हतं. तिने सांगितलं आणि मुलाने उतरवून घेतलं. तिचं पुस्तक पुढे कित्येक वर्षं शाळेत नेमलेलं होतं, आणि पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी त्याला कंटाळून नाकं मुरडली.

हे मला आमच्या घरमालकीणबाईंनी सांगितलं. त्यांच्याच घरात वरच्या मजल्यावर दोन खोल्या घेऊन आम्ही उतरलो होतो. साठीच्या, बोलक्या बाई. मी त्यांना विचारलं, “शाळेत सगळ्यांना आयरिश शिकवतात ना? मग बोलत का नाहीत?” त्या हसल्या. इथल्या मुलांना पहिलीपासून शाळा संपेपर्यंत ती भाषा शिकवतात. २०२२ च्या जनगणनेत १८ लाखांहून जास्त लोकांनी, म्हणजे सुमारे ४० टक्क्यांनी, आपल्याला आयरिश बोलता येतं असं सांगितलं. शाळेबाहेर रोज बोलणारे निघाले जेमतेम ७२ हजार.

दर उन्हाळ्यात शहरातली शाळकरी मुलं तीन-तीन आठवडे गेलटाख्टमध्ये येऊन तिथल्या घरांत राहतात. या बाईही त्यांना ठेवून घेतात. अशा बाईला ‘बन अ टी’ म्हणतात, म्हणजे घरची बाई. नियम एकच, घरात फक्त आयरिश. बाई म्हणाल्या, “वर्गात ती व्याकरण शिकून आलेली असतात. माझ्या टेबलावर त्यांना बटाटे मागावे लागतात, मीठ मागावं लागतं. चौथ्या दिवसापासून तोंड उघडतात.”

मग त्यांनी सहज विचारलं, “तुम्ही घरी कुठली भाषा बोलता?”

मी ताठ मानेने सांगायला लागले. मराठी. आमची घराणी होळकरांच्या काळापासून माळव्यात आहेत, पण आम्ही मराठी टिकवली आहे. गणपती बसवतो, गुढी उभारतो, दिवाळीला फराळ करतो. माझा नवरा उज्जैनचा, तोही मराठीच. बाई मान डोलावत ऐकत होत्या. तेवढ्यात लेक इंग्रजीत सांगून मोकळी झाली, “मराठी फक्त आजी बोलते. मम्मा माझ्याशी हिंदीच बोलते.”

आईने खिडकीबाहेर बघितलं. नवऱ्याने चहाचा कप उचलला. लेकीने चुगली केली नव्हती, खरं तेच सांगितलं होतं. ती तीन वर्षांची असताना तिच्या शाळेतल्या बाईंनी सुचवलं होतं की मूल गोंधळतंय, घरी एकच भाषा ठेवा. मी हिंदी ठेवली, वर इंग्रजी. शेजारी हिंदी, शाळेत इंग्रजी, माझ्या कामात इंग्रजी. मराठी काय, ऐकून ऐकून येईलच. ती आजीचं सगळं समजून घेते आणि उत्तर हिंदीत देते. आईने एकदाही तक्रार केली नाही. हळूहळू तीच नातीशी अर्धी हिंदी बोलायला लागली, हे माझ्या लक्षात आलं होतं आणि मी ते सोडून दिलं होतं.

त्या रात्री मला झोप लागली नाही. सणवार, फराळ, नऊवारीतले फोटो, ही सगळी आमची दोन भाषांतली पाटी होती. आतलं बोलणं केव्हाच बदललं होतं.

शेवटचा मुक्काम कोव्ह या बंदरात होता. टेकडीवर भलंमोठं कॅथीड्रल आणि खाली रंगीत घरांची रांग. ‘टायटॅनिक’ ११ एप्रिल १९१२ रोजी इथेच शेवटची थांबली आणि १२३ प्रवासी घेऊन गेली. पण मी थांबले ते धक्क्यावरच्या ॲनी मूरच्या पुतळ्यापाशी. ती लहान भावांना घेऊन इथून निघाली आणि १ जानेवारी १८९२ रोजी न्यूयॉर्कच्या एलिस बेटावर नोंद झालेली पहिली स्थलांतरित ठरली. १८४५ पासून बटाट्याच्या पिकावर रोग पडला, दुष्काळात सुमारे १० लाख माणसं मेली आणि तेवढीच देश सोडून गेली. आयरिश बोलणाऱ्या गरीब पश्चिम भागाला सर्वांत जास्त झळ बसली. बेटाची लोकसंख्या १८४१ मध्ये सुमारे ८२ लाख होती, ती आजही तेवढी झालेली नाही. ज्यांना उद्या अमेरिकेच्या बोटीत बसायचं आहे त्या पोरांना आयरिशचा काय उपयोग? म्हणून आईबापच त्यांच्याशी मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलायला लागले.

त्या आयांना नावं ठेवायची माझी हिंमत झाली नाही. पोरांच्या पोटाचा प्रश्न होता. मला मात्र तशी काहीच अडचण नव्हती. आमच्या दारात दुष्काळ नव्हता, बोट नव्हती. मराठी बोलणारे भारतात ८ कोटींहून अधिक आहेत, म्हणजे भाषाही कुठे जात नाही. माझ्या घरातून तेवढी चालली होती.

परत आल्यावर आम्ही मोठे संकल्प केले नाहीत. रात्रीच्या जेवणाला मराठी, एवढंच ठरलं. पहिला आठवडा लेक गप्प बसून जेवली आणि मला वाटलं, चुकलंच. आईने मात्र तिला काही विचारलं नाही, घाई केली नाही. दहाव्या दिवशी आमटी अळणी झाली होती. कुणी काही बोलेना. मग लेक म्हणाली, “आजी, तू मीठ देऊन राहिली का?”

पुण्याच्या मावशीने ऐकलं असतं तर तिथल्या तिथे वाक्य सुधारलं असतं. आईने मिठाची वाटी पुढे सरकवली आणि म्हणाली, “देऊन राहिले, बाळा.”