उत्तर कोणाचे?

वाचकहो, आशा स्वयंसेविका आरोग्याचा छापील तक्ता घेऊन आपल्या दारी येते, तेव्हा घरातील वृद्धांची उत्तरे कोण देते? आमच्या घरी ती मी दिली, आणि निम्मी खोटी दिली.

आमचे गाव बुलढाणा जिल्ह्यात, घाटाखाली, खामगाव तालुक्यात. आई ७८ वर्षांची. तिशीपुढील प्रत्येकासाठी असलेल्या या तक्त्यात तंबाखू, मद्य, कंबरेचा घेर, आठवड्यातील १५० मिनिटांची हालचाल, कुटुंबातील रक्तदाब-मधुमेह यांची विचारणा असते. उत्तरांना गुण असतात. बेरीज ४ च्या वर गेली की तपासणीस प्राधान्य. गुण कमी पडले तर घराची शोभा राहील, असे मला का वाटले कोण जाणे! (मी निवृत्त शिक्षक; गुणांचा मोह जुना.) तंबाखू? नाही. उभे राहताना तोल जातो? छे, धडधाकट आहे.

आई आतून आली आणि कमरेची चंची काढून तिने ओसरीवर ठेवली. "तो काय सांगते पोरी, मले इचार ना."

दिवसातून चारदा तंबाखू-चुना. पहाटे उठताना भिंतीचा आधार. पोळ्याच्या सुमारास ती न्हाणीत पडली होती, हे मला त्या दिवशी कळले.

पुढे तपासणीत तिच्या गालाच्या आत पांढरा चट्टा आढळला. असा चट्टा बहुधा दुखत नाही, म्हणूनच तो लपून राहतो. तुकडा काढून तपासला, कर्करोग नव्हता. मात्र तंबाखू बंद करून ठरावीक काळाने तोंड दाखवत राहण्यास सांगितले आहे. माझ्या 'नाही'वर तक्ता मिटला असता, तर हे कधी कळले असते?

आपण संग्रामपूर-जळगाव जामोदकडील खारपाणपट्ट्यात राहत असाल, तर कोणते पाणी पिता तेही न विचारता सांगावे. तेथे मूत्रपिंडाच्या विकारांची तक्रार जुनी आहे.

आणि सांभाळ करणाऱ्यांनो, थोडा वेळ बाजूला व्हा. गेल्या दोन आठवड्यांत उदास वाटले का, असाही प्रश्न त्या तक्त्यात आहे. सून समोर उभी असताना कोणती सासू त्याचे खरे उत्तर देईल?

तो प्रश्न आला तेव्हा आईने मला पाणी आणायला पाठवले. तिने काय सांगितले, ते मी अजून विचारलेले नाही.