दुप्पट मजुरी

हिंगोलीपासून जवळच, कयाधूच्या काठी, नर्सी हे गाव आहे. संत नामदेवांचं जन्मगाव म्हणून ते ओळखलं जातं. नामदेव शिंप्याच्या घरातले, सुई-कात्रीचे. पण त्यांच्या नावावर सुताराचीही एक गोष्ट आहे, आणि ती महाराष्ट्रापेक्षा पंजाबात जास्त गायली जाते. गुरू ग्रंथ साहिबात नामदेवांची ६१ पदं आहेत. त्यातल्या सोरठ रागातल्या एका पदात शेजारीण नामदेवांना विचारते, की तुझं छप्पर इतकं छान कोणी घातलं? त्या सुताराचा पत्ता दे, मी त्याला दुप्पट मजुरी देते. नामदेव सांगतात, तो असा पैशानं येणारा नाही; त्याला प्रीतीचीच मजुरी लागते.

नामदेवांना कोणता सुतार अभिप्रेत होता हे उघडच आहे. पण शेजारीण मात्र अस्सल, आजही कोणत्याही गल्लीत भेटेल अशी आहे. हौसेखातर घरच्या घरी लाकडाचं काही बनवणाऱ्या माणसाला तिच्यासारखाच पैशांचा प्रश्न सारखा ऐकावा लागतो. बँकेतली, शाळेतली नोकरी सांभाळून कोणी पत्र्याच्या शेडमध्ये रंधा मारत बसला, महिनाभर खपून एक स्टूल उभं केलं, की पाहुणे ते उलटंपालटं करून बघतात आणि विचारतात, ‘कितीला पडलं?’ खरा हिशेब सांगितला तर हसू होतं. तेवढ्या पैशांत दुकानातून चार स्टुलं आली असती, वर घरपोच.

सुताराच्या कामाचा असा नगावर हिशेब या भागात तसा अलीकडचा. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ सालच्या ‘गावगाडा’त बलुतेदारांची जी मांडणी आहे, तीत सुतार थोरल्या ओळीत बसतो. वर्षभर त्यानं तिफण, वखर, जू, बैलगाडीचं चाक यांची डागडुजी करायची आणि सुगीला खळ्यावरून आपलं बलुतं न्यायचं. अमुक कामाला अमुक पैसे असा दर नसायचा. लाकूड शेतकऱ्याचं, हात मिस्त्रीचा. या व्यवस्थेचे गोडवे गाणाऱ्यांनी दया पवारांचं १९७८ सालचं ‘बलुतं’ शेजारी ठेवून वाचावं, म्हणजे गोडवा बेताचा राहतो. हक्काच्या धान्याबरोबर जातीचं कुंपणही येत होतं आणि सुताराच्या पोरानं सुतारच व्हायचं हे पाळण्यातच ठरत होतं. आजचा हौशी माणूस वाकस हातात घेतो तेव्हा त्याला तो कोणी घ्यायला लावलेला नसतो आणि तो खाली ठेवला म्हणून त्याची चूल विझत नाही. हौस म्हणतात ती बहुतेक या मोकळीकीतूनच येते.

या हौसेला मराठवाड्यात लाकूडही मोठं नामी मिळतं. इथलं जुनं घर म्हणजे माळवद. दगडी उथळ्यावर उभा खांब, खांबावर तुळई, तिच्यावर आडवे सर, त्यांवर किलच्या, आणि सगळ्यांच्या डोक्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. घर मोजायचं ते खणांत. उन्हाळ्यात आत गारवा, पण छताचं वजन भयंकर. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या अशाच घरांखाली माणसं गाडली गेली आणि माळवदावरचा विश्वास डळमळला. हिंगोली जिल्ह्यालाही मार्च आणि जुलै २०२४ मध्ये ४.५ तीव्रतेचे धक्के बसले; वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे परिसरात तर जमिनीतून येणारे आवाज ही नेहमीची बातमी आहे. सिमेंटचं घर बांधायचं म्हणून एकेक माळवद उतरतं आणि पिढ्यान्‌पिढ्या धुरानं काळं झालेलं सागवान अंगणात येऊन पडतं.

हे लाकूड वरून दिसायला फुटक्या नशिबाचं. खिळ्यांची भोकं, चुन्याचे ओघळ, कडेला वाळवीनं खाल्लेली चंद्रकोर. पण वरचा सूतभर थर रंध्यानं काढला की आतून मधासारखा रंग निघतो आणि सागाच्या तेलाचा तो जरा कडवट, चामड्यासारखा वास शेडभर पसरतो. नव्या लाकडाची सर्वांत मोठी खोड म्हणजे ते सुकताना आखडतं, पिळतं. इथं ते सगळं कधीच होऊन गेलेलं असतं. शिवाय शेतातला साग घरचा असला तरी तो तोडायला परवानगी लागते. १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या यादीत त्याचं नाव आहे. तुळई मात्र आधीच तोडलेली. रंधा मारण्यापूर्वी लोहचुंबक फिरवून आतले मोडके खिळे शोधायचे एवढी सावधगिरी ठेवावी लागते, नाहीतर पात्याला दात पडतात.

शिकायला सुरुवात कशानं करावी? यूट्यूबवरचे परदेशी उस्ताद सांगतात, आधी भक्कम वर्कबेंच बांधा. मिस्त्री त्यावर हसेल. तो जमिनीवर बसतो, फळी पायाच्या अंगठ्यानं दाबतो आणि काम सुरू करतो. त्याच्या शाळेत पहिला धडा म्हणून बाज उत्तम. चार खूर म्हणजे पाय, चार गातं म्हणजे चौकटीच्या दांड्या, आणि आठ सांधे. एकूण बाज एवढीच. प्रत्येक खुराला पटाशीनं दोन भोकं पाडायची आणि गाताच्या टोकाला कुसू, म्हणजे बारीक जीभ, काढून ते भोकात बसवायचं. दोन भोकं खुरात एकाच उंचीवर आली तर आतल्या आत एकमेकांना कापतात, म्हणून एक वर, एक खाली. खिळा नाही, सरस नाही. कच्ची बाज हातानं हलवली तर डुगडुगते आणि नवशिक्याचं तोंड उतरतं. पण सुंभ विणायला घेतलं, पायथ्याची दोरी पायानं रेटून ताणली, की चारी बाजूंनी गातं आत ओढली जातात आणि आठही सांधे मुठीसारखे आवळतात. माणूस बसला की दोरी आणखी ताणते. म्हणजे माणसाच्या भारानंच सांधे आणखी आवळतात. उन्हाळ्यात ती अंगणात टाकायची, पावसाळ्यात भिंतीला उभी करायची, सैल पडली की पुन्हा ओढायची. फर्निचरच्या दुकानात ‘नॉक-डाऊन’ म्हणून जे कौतुकानं विकतात ते याहून फार निराळं नाही, फक्त त्याच्याबरोबर स्क्रूची पुडी येते.

पाट हा बाजेहून सोपा वाटतो आणि तिथंच माणूस फसतो. एक फळी, खाली दोन आडव्या पट्ट्या, चार खिळे. मे महिन्यात केलेला असा पाट श्रावणात पंगतीला काढावा तर मध्येच फुगलेला, किंवा पुढच्या मे महिन्यात लांबलचक भेग पडलेली. कारण लाकूड मेल्यावरही श्वास घेतं. हवेतला ओलावा वाढला की ते फुगतं, उन्हाळा आला की आकसतं. पण सगळीकडून सारखं नाही. लांबीत जवळजवळ काहीच फरक पडत नाही. फळीच्या रुंदीत पडतो, आणि वर्षांच्या वलयांच्या दिशेनं तो जितका पडतो त्याच्या साधारण निम्माच गाभ्याकडून सालीकडे जाताना पडतो. हिंगोलीचा मे चाळीसच्या वर तापणारा, कोरडा, ऑगस्ट ओलाचिंब. दहा इंच रुंद सागाच्या फळीत तेवढ्यानं सूत-दीड सूत अंतर पडू शकतं. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. खिळ्यांनी आवळलेल्या फळीला ते दीड सूत जायला जागा नसते, मग ती स्वतःच फाटते. जाणता मिस्त्री फळीच्या पोटात तळाशी रुंद आणि तोंडाशी अरुंद अशी खाच कोरतो, पट्टीच्या कडा तशाच तिरक्या तासतो आणि ती कडेनं ठोकत आत सरकवतो. सरस लावत नाही. पट्टी फळीला वाकू देत नाही आणि फळी मात्र पट्टीवरून खुशाल पुढेमागे सरकते.

गंमत म्हणजे याच जिल्ह्यात, औंढा नागनाथ तालुक्यातल्या दुधाळ्याला, ‘लायगो-इंडिया’ची वेधशाळा व्हायची आहे. २०२३ च्या एप्रिलमध्ये केंद्रानं तिला २,६०० कोटी मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आणि गुरुत्वलहर आली की त्यांच्या लांबीत प्रोटॉनच्या जाडीहून कितीतरी पटींनी सूक्ष्म असा फरक मोजायचा. पाटाच्या दीड सुतावर हिंगोलीच्या माणसानं हसू नये ते यासाठी.

स्वयंपाकघरात लाकूड शिरलं की प्रश्न पॉलिशचा येतो. ज्वारीचं पीठ मळायची काठवट ही इथल्या घरातली सर्वांत राजस वस्तू. अखंड ओंडका आतून कोरत न्यायचा, सांधा कुठंच नाही. स्टीलच्या परातीनं तिला माळ्यावर चढवलं, पण परातीत पीठ रगडताना जी किणकिण होते तिच्यापेक्षा काठवटीचा दबका ठोका बऱ्या कानाला केव्हाही आवडेल. तर अशा काठवटीला, पोळपाटाला व्हार्निश चालत नाही. पोपडे पिठात उतरतात. मग तेल. घरात शेंगदाण्याचं असतं म्हणून तेच चोळतात, आणि ते कधीच सुकत नाही. चिकट होतं, खवट वास मारतं. जवसाचं आणि करडईचं तेल मात्र हवेतला प्राणवायू घेऊन हळूहळू घट्ट होतं आणि लाकडाच्या रेषांतच पातळ, टिकाऊ पापुद्रा धरतं. जवस पिवळं पडतं, करडई तितकी पडत नाही. सुकायला मात्र वेळ लावते. करडई म्हणजे तर या मुलखाचंच पीक. परभणीच्या कृषी विद्यापीठानं तिचे ‘शारदा’, ‘परभणी कुसुम’ असे वाण काढले, आणि १ मे १९९९ पर्यंत हिंगोली परभणी जिल्ह्यातच होती. परदेशातून डबाबंद ‘वुड ऑइल’ मागवणाऱ्या हौशी मंडळींनी जवळच्या घाण्यावर जरूर जावं. रंगाच्या दुकानातलं उकळलेलं जवसाचं तेल मात्र भांड्यांना लावू नये. लवकर सुकावं म्हणून त्यात धातूंचे क्षार घातलेले असतात. आणि तेलाचे बोळे चुरगाळून कोपऱ्यात टाकू नयेत. सुकताना ते तापतात आणि आपोआप पेट घेऊ शकतात. पसरून वाळवावेत किंवा पाण्यात बुडवावेत. शेड लाकडाच्या भुशानं भरलेली असते हे विसरून चालत नाही.

शाळेत हे काही शिकवत नाहीत का? शिकवावं असं ठरलं होतं. स्वीडनमधल्या नेस इथे ऑटो सॅलोमन यांनी १८७०च्या दशकात शिक्षकांना लाकूडकाम शिकवायला सुरुवात केली, ते मुलांना सुतार बनवण्यासाठी नव्हे, तर हाताला आणि डोळ्याला वळण लागावं म्हणून. घरात वापरता येईल अशीच वस्तू करायची हा तिथला दंडक. आपल्याकडे ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी उद्योगातून शिक्षणाचा विचार मांडला आणि नई तालीमच्या उद्योगांत सूतकताईच्या जोडीला सुतारकामही आलं. पुढे त्याचं ‘कार्यानुभव’ झालं, आणि बऱ्याच शाळांतून कार्यानुभव म्हणजे क्रेप कागदाची फुलं. चाळिशी उलटल्यावर पटाशी धरायला शिकणाऱ्यांची आज जी गर्दी दिसते, तिच्यामागे ही फुलं असणार.

मिस्त्रीचं मात्र उलटं चाललंय. १९५९ मध्ये बळवंत पारेखांच्या कंपनीनं फेविकॉल आणलं. हे पारेख एकेकाळी मुंबईत लाकडाच्या व्यापाऱ्याकडे शिपाई होते. शिजवून लावायच्या सरसाची कटकट गेली, मागोमाग प्लायवूड आणि सनमायका आला, आणि कुसू काढणारा हात पत्रे चिकटवण्यात गुंतला. त्याला दोष कसा देणार? गिऱ्हाईक लग्नाच्या आत कपाट मागतं. बाजेचे आठ सांधे हातानं पाडायला लागणाऱ्या वेळाचे पैसे कोण मोजणार? शेजारणीची दुप्पट मजुरी गोष्टीतच राहते.

१७ सप्टेंबरला, म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनीच, २०२३ मध्ये ‘पीएम विश्वकर्मा’ योजना सुरू झाली. अठरा कारागिरींत सुतार आहे. प्रशिक्षणात दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत, पुढे सवलतीचं कर्ज. या पैशांतून एखादा मिस्त्री विजेवरचा रंधा आणि ड्रिल घेईल, आणि घ्यावंच. खांदे त्याचेही दुखतात. मग वडिलांचा शिसवी रंधा, खतावणी, गुण्या, हाताची करवत असं सगळं पोत्यात जाईल. हौशी माणसाला योजनेत जागा नाही, कारण तो पोटासाठी काम करत नाही. तो ते पोतं घ्यायला मिस्त्रीच्या दारात उभा राहील. मिस्त्री भाव सांगेल, हौशी माणूस घासाघीस न करता देईल, आणि मिस्त्री नोटा मोजता मोजता विचारेल, ‘धार लावता येते का तुम्हाला?’