बिंदू रेषेवर येत नाही तेव्हा

"मामा, हा एक बिंदू पुसून रेषेवर घेऊ का? उद्या जर्नल द्यायचंय."

रविवारी ताईकडे जेवायला गेलो होतो. अकरावीतली भाची लंबकाच्या प्रयोगाचा आलेख घेऊन बसली होती. आडव्या अक्षावर लंबकाची लांबी, उभ्या अक्षावर आवर्तनकाळाचा वर्ग. 40, 60 आणि 100 सेंटिमीटरचे बिंदू जवळजवळ एका रेषेत. 80 चा मात्र चांगलाच खाली.

तिच्या हातातलं रबर बघून मला माझी अकरावी आठवली. मी तर गणित उलटं केलं होतं. आधी 'जी'ची किंमत 9.8 धरली, मग त्यात बसतील अशी रीडिंग्ज लिहिली. मार्क पैकीच्या पैकी!

"पुसण्याआधी एरर बार काढू," मी म्हटलं. स्टॉपवॉच दाबताना हात साधारण 0.2 सेकंद मागेपुढे होतो. 20 आंदोलनांवर ती चूक वाटली, की एका आंदोलनाला 0.01 सेकंद. वर्ग केल्यावर या बिंदूसाठी 2 × 1.7 × 0.01, म्हणजे सुमारे 0.03. तेवढी उभी रेघ बिंदूच्या वर आणि खाली. हाताच्या चुकीमुळे बिंदू साधारण एवढाच हलू शकतो.

बाकी तिघांच्या रेघांना सरळ रेषा शिवून गेली. 80 चा बिंदू 0.3 ने खाली होता. त्याची रेघ रेषेपर्यंत पोचेचना. म्हणजे ही हाताची नेहमीची चूक नव्हती, दुसरंच काहीतरी होतं.

मग तोरणाच्या खिळ्याला दोरा बांधला, खाली लोखंडी नट. नटाच्या मध्यापर्यंत बरोबर 80 सेंटिमीटर. तिनं मोबाइलवर वेळ लावली. पुन्हा 34.1 सेकंद! शाळेत आलं होतं तेच. दुसऱ्यांदा मी तिच्याकडे बघत राहिलो. नट सोडताक्षणी ती म्हणाली, "एक!"

सापडलं. सुरुवात शून्यापासून हवी होती. तिची 20 म्हणजे खरी 19 आंदोलनं. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांची ही रोजची चूक. शाळेत बाकीच्या वेळी मैत्रीण मोजत होती, 80 ला ही. शून्यापासून मोजल्यावर 35.9 सेकंद आले आणि रेघ रेषेला टेकली.

ती लगेच 34.1 खोडायला निघाली. मी म्हटलं, "एकच आडवी रेघ मार. आकडा दिसू दे. शेजारी कारण आणि घरचं रीडिंग लिही."

"मार्क कापले तर?"

"कापू देत," असं म्हणणं मला सोपं होतं. जर्नल तिचं होतं. म्हणून माझ्या अकरावीची गोष्ट तिला सांगून टाकली. ती हसली, "म्हणजे मामा, तू प्रयोग केलाच नव्हतास!"

खरंच, नव्हता केला.

तिचं उत्तर आलं 9.7 ± 0.3. पुस्तकातलं 9.8 त्यात बसतं. आणि 34.1 चा आकडा, एका रेघेखाली, अजून तिच्या जर्नलमध्ये आहे.