टेनिस न खेळणाऱ्यांचं कोपर आणि मुंबईतली एक विसरलेली स्पर्धा



गणपतीला साधारण सात आठवडे राहिले होते तेव्हाची गोष्ट. पेणच्या दवाखान्यात हमरापूरकडचे एक मूर्तिकार आले. वय पंचावन्नच्या आसपास, उजवा हात डाव्या हाताने धरलेला. कोपराच्या बाहेरच्या बाजूला दुखतं, कप उचलता येत नाही, ब्रश धरला की कळ थेट मनगटापर्यंत जाते. मी कोपराच्या हाडाच्या उंचवट्यावर बोट दाबलं, मग हाताचा पंजा वर उचलायला सांगून वरून रोखून धरला. दोन्ही वेळा ते कळवळले. मी कागदावर लिहिलं, टेनिस एल्बो.

त्यांनी ते वाचलं आणि म्हणाले, "डॉक्टर, मी जन्मात टेनिस खेळलो नाही. ते बघतसुद्धा नाही. मग मला हा कसा झाला?"

हा प्रश्न मला वर्षातून वीसेक वेळा तरी येतो. पोहे-पापडाच्या घरगुती उद्योगातल्या ताई विचारतात, गवंडी विचारतात, शनिवारी रोह्याला असतो तेव्हा कारखान्यातले फिटर विचारतात. पण या काकांचा दुसरा प्रश्न जास्त अवघड होता. "एका माणसाकडे जाऊन शीर उतरवून आलो. दोन दिवस बरं वाटलं, परत तेच. आता तुम्ही ते कोपरात इंजेक्शन देता ना, तेवढं देऊन टाका. गणपती गेले की मग बघू."

बाहेर बाकावर अकरा जण बसले होते. त्यामुळे त्यांना जे थोडक्यात सांगितलं, ते तुम्हाला सविस्तर सांगतो. त्यासाठी आधी थोडं टेनिसबद्दल बोलावं लागेल, चालेल ना?

माझं लहानपण रोह्याजवळच्या एका वसाहतीत गेलं. तिथे एक मातीचं टेनिस कोर्ट होतं. मुरूम पसरून दाबलेला, वर चाळलेली लाल माती, चुन्याच्या रेघा. संध्याकाळी झारीने पाणी मारायचं आणि दगडी रोलर ओढायचा, हे काम आम्हा मुलांचं. त्या बदल्यात मोठ्यांचा खेळ संपल्यावर दहा मिनिटं रॅकेट हातात मिळायची. पावसाळ्यात चार महिने कोर्ट बंद, आणि दिवाळीच्या आधी पुन्हा माती. वडील खेळायला बेताचेच होते, पण वर्तमानपत्रातली टेनिसची कात्रणं एका वहीत चिकटवायचे. त्या वहीत भारतात भरणाऱ्या एका मोठ्या स्पर्धेची पानं आहेत. आज तिचं नाव काढलं तर टेनिसचे शौकीनसुद्धा डोकं खाजवतात.

ती स्पर्धा म्हणजे इंडियन ओपन, किंवा इंडियन ग्रां प्री. १९७० मध्ये जगभरच्या पुरुष खेळाडूंसाठी ग्रां प्री नावाची मालिका सुरू झाली. गावोगावच्या स्पर्धांतून गुण गोळा करायचे आणि वर्षाच्या शेवटी सर्वात वरच्यांनी मास्टर्स खेळायची, अशी रचना. १९७३ मध्ये भारताला त्यात जागा मिळाली. वर्षाअखेरीला आशियात होणाऱ्या स्पर्धांच्या रांगेत ती असायची. गंमत म्हणजे तिला कायमचं घर नव्हतं. जत्रेतल्या पाळण्यासारखी ती या शहरातून त्या शहरात जायची. पहिल्या वर्षी दिल्ली, १९७४ ला मुंबई, मग कलकत्ता, बंगळूर. १९७९ ला पुन्हा मुंबई, आणि तिथेच संपली.

मुंबईत ती मातीवर खेळली गेली. मातीवर चेंडू टप्पा पडल्यावर मंदावतो आणि जास्त उंच उडतो. त्यामुळे गवतावर जो फटका थेट गुण मिळवून देतो, तो मातीवर परत येतो. एकेका गुणासाठी पंधरा-वीस फटके मारावे लागतात. चेंडूला ओलसर माती चिकटून तो जडही होतो. पॅरिसची जी प्रसिद्ध लाल माती आपण टीव्हीवर बघतो, ती खरं तर माती नसून विटांचा चुरा असतो, आणि तोसुद्धा चुनखडीच्या थरावर जेमतेम एक-दोन मिलिमीटर. आपल्याकडे खरोखरची माती, आणि दक्षिणेत तर कित्येक ठिकाणी वरून शेणाचा हात. अंगण सारवायचं त्याच कारणासाठी, धूळ बसावी आणि पृष्ठभाग गुळगुळीत राहावा म्हणून. (जाता जाता डॉक्टर म्हणून एक सांगतो. अशा मातीवर गुडघा फुटला तर जखम साबणाने खळखळून धुवा आणि धनुर्वाताचं शेवटचं इंजेक्शन कधी घेतलं ते आठवा. मातीची मळलेली जखम असेल आणि पाच वर्षं उलटून गेली असतील, तर पुन्हा घ्यायचं.)

मातीचा एक फायदाही आहे. पाय घसरतो. सिमेंटवर धावताना पाय जागच्या जागी अडतो आणि सगळा झटका गुडघ्याला बसतो. मातीवर खेळाडू घसरत थांबतो, झटका वाटला जातो. म्हणजे पायांना माती सोपी, पण हाताला जड. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

या स्पर्धेचा पहिला विजेता विजय अमृतराज. त्याच वर्षी तो विंबल्डन आणि अमेरिकन ओपन, दोन्हीकडे उपांत्यपूर्व फेरीत पोचला होता आणि अमेरिकेत त्याने रॉड लेव्हरला हरवलं होतं. लहानपणी हा मुलगा फुप्फुसांच्या आजाराने सतत अंथरुणाला असायचा. मोकळ्या हवेत छाती सुधारावी म्हणून त्याला टेनिसला घातलं, ही गोष्ट त्यानेच पुढे सांगितली आहे. माझ्याकडे दम्याच्या मुलांचे आईवडील "याला खेळायचं बंद करू का?" असं विचारत येतात, त्यांना मी विजय अमृतराजचं नाव सांगतो. १९७५ मध्ये कलकत्त्याला त्याने अंतिम सामन्यात मॅन्युएल ओरांतेसला हरवलं. त्या ओरांतेसने दोनच महिन्यांपूर्वी जिमी कॉनर्सला हरवून अमेरिकन ओपन जिंकली होती. १९७८ ला कलकत्त्यातच अठरा वर्षांचा यानिक नोआ जिंकला, जो पाच वर्षांनी फ्रेंच ओपनचा विजेता झाला. आणि १९७९ ला मुंबईत पुन्हा विजय, समोर पश्चिम जर्मनीचा पीटर एल्टर. वडिलांच्या वहीतलं शेवटचं कात्रण तेच.

पण मला सांगायचा आहे तो १९७४ चा मुंबईचा अंतिम सामना. न्यूझीलंडचा ऑनी पारून जिंकला, ऑस्ट्रेलियाचा टोनी रोश हरला. रोश हा मातीचाच माणूस, १९६६ चा फ्रेंच विजेता. डावखुरा. पुढे १९६८ ला विंबल्डनच्या, १९६९ आणि १९७० ला अमेरिकेच्या अंतिम सामन्यात पोचलेला. तो जगावर राज्य करणार असं सगळे धरून चालले होते, आणि नेमकं त्याच वयात त्याचं डावं कोपर गेलं.

रोशने काय केलं नाही? औषधं, विश्रांती, शस्त्रक्रिया. शेवटी तो फिलिपिन्सला एका बाबाकडे गेला. तिथे त्या काळी असे 'शल्यविशारद' होते, जे भूल न देता, चाकू न लावता नुसत्या बोटांनी शरीर उघडून आतून काहीतरी लालसर काढून दाखवायचे. १९७५ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने हा प्रकार निव्वळ बनवाबनवी असल्याचं जाहीर केलं. हातचलाखीच होती ती. पण रोश पुन्हा खेळायला लागला! १९७५ ला विंबल्डनच्या उपांत्य फेरीपर्यंत गेला, १९७७ ला डेव्हिस चषकाच्या अंतिम लढतीत इटलीच्या पानात्ताला हरवून आला.

आता तुम्ही म्हणाल, मग बाबाने बरं केलंच की.

इथे थोडं शरीरशास्त्र. मनगट वर उचलणारे स्नायू कोपराच्या बाहेरच्या हाडाला एका जाड दोरीसारख्या भागाने जोडलेले असतात, त्याला कंडरा म्हणतात. पंजा खाली करून काहीही घट्ट धरलं की या कंडरेवर ताण येतो. रॅकेट असो, पॉलिश पेपर असो, थापी असो वा पिळायचं कापड. ताण रोजचा आणि झीज भरून यायला वेळ नाही, असं महिनोन्‌महिने चाललं की कंडरेचे धागे विसकटतात. ही सूज कमी आणि झीज जास्त. १८७३ मध्ये रुंगे या जर्मन डॉक्टरने हे दुखणं पहिल्यांदा नोंदवलं ते लिहिणाऱ्यांच्या हातात. टेनिसचं नाव नंतर चिकटलं. तेव्हा काका, तुमचा हक्क टेनिसवाल्यांच्या आधीचा आहे.

हे दुखणं बहुतेकांचं वर्षभरात आपोआप बरं होतं. माणूस सगळे उपाय करून थकतो आणि शेवटचा उपाय ज्याच्याकडे करतो, नेमकी त्याच सुमारास कंडरा सुधारलेली असते. श्रेय शेवटच्याला. आपल्याकडे साध्या काविळीच्या बाबतीत हेच होतं. ती उतरणारच असते, गळ्यात माळ घालणाऱ्याचं नाव होतं. शीर उतरवणाऱ्यांना मी हसत नाही, कारण डॉक्टरांच्या वाट्यालाही असं फुकटचं श्रेय पुष्कळ येतं.

आणि कधीकधी उलटही होतं. म्हणून आता इंजेक्शनबद्दल.

कोपरात देतात ते स्टेरॉइड. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला १९८ रुग्णांवर केलेला अभ्यास ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. सहा आठवड्यांनी इंजेक्शनवाले सर्वात पुढे होते. वर्षाच्या शेवटी तेच सर्वात मागे. आधी बरं वाटलेल्या दहातल्या सातांचं दुखणं परत आलं होतं. ज्यांनी काहीच केलं नाही, नुसती वाट पाहिली, तेही त्यांच्यापेक्षा बरे होते.

हा अभ्यास वाचण्याआधीच्या काळातली माझी एक चूक आहे. एका रंगकाम करणाऱ्या तरुणाला एका हंगामात मी तीन इंजेक्शनं दिली. प्रत्येक वेळी तो हसत गेला. पुढच्या वर्षी त्याला डोळ्यांची आखणी जमेना, हात थरथरायचा, पकड सुटायची. तो रंगकाम सोडून कंपनीच्या गाडीवर ड्रायव्हर झाला. माझ्या इंजेक्शनांमुळेच असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. पण तो रस्त्यात दिसला की मी आधी त्याच्या कोपराकडे बघतो.

काकांची अडचण समजून घ्या. सहा आठवडे म्हणजे नेमका त्यांचा हंगाम. इंजेक्शन तेवढे दिवस काढून देईल, हे खरं आहे. वर्षाची कमाई त्या दिवसांत आहे, हेही खरं. "पुढच्या वर्षी काय होईल" हे दवाखान्यातल्या खुर्चीवर बसून बोलणं मला सोपं. म्हणून मी नाही म्हटलं नाही. दोन्ही बाजू सांगितल्या, आणि दोन आठवडे मागून घेतले. तेवढ्यात उतार पडला नाही तर एक इंजेक्शन, एकच, दोघांच्या संमतीने.

त्या दोन आठवड्यांत काय करायचं ते असं. घासकाम, म्हणजे पॉलिश पेपरचं काम, पुतण्याकडे. मूर्ती किंवा साचा उचलायचा तर तळवा वर करून, दोन्ही हातांनी. मातीवर पायाचं जसं, तसं इथे हाताचं: झटका एका जागी अडू द्यायचा नाही. ब्रशच्या दांड्याला कापड गुंडाळून तो जाड करायचा, म्हणजे मूठ कमी आवळावी लागते. कोपराच्या खाली दोन बोटं सोडून पट्टा बांधायचा, फक्त काम करताना. आणि एक व्यायाम: हात टेबलावर, पंजा कडेबाहेर पालथा, हातात अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली. दुसऱ्या हाताने पंजा वर उचलायचा आणि मग दुखऱ्या हातानेच सावकाश, पाचपर्यंत मोजत, खाली सोडायचा. पंधरा वेळा, असं तीनदा, रोज. थोडं दुखलं तर चालतं. रात्रभर ठणकलं तर दुसऱ्या दिवशी बाटली अर्धी रिकामी करायची. बोटांना मुंग्या येत असतील, मान दुखत असेल, कोपर सुजून गरम झालं असेल किंवा पडल्यानंतर दुखू लागलं असेल, तर हा व्यायाम करू नका. आधी दाखवा, ते दुखणं वेगळं असू शकतं.

खेळ मात्र भारतातून गेला नाही, मातीवरून गेला. १९९६ मध्ये दिल्लीत एटीपीची स्पर्धा आली, ती पुढच्या वर्षी चेन्नईला आणि २०१८ मध्ये आपल्या पुण्यात बालेवाडीला गेली. सगळी सिमेंटच्या कोर्टांवर. २०२३ नंतर तीही थांबली. आमच्या वसाहतीतल्या कोर्टावर आता पत्र्याची शेड आहे आणि तिच्याखाली गाड्या उभ्या असतात.

काका दोन आठवड्यांनी आले. "रुपयात चार आणे कमी आहे," म्हणाले. कप उचलून दाखवला. इंजेक्शनचा विषय मीच काढला, तर म्हणाले, "राहू दे अजून आठ दिवस. आखणी जमतेय." मग उठता उठता दारात थांबले.

"तो तुमचा रोश, मुंबईला हरला तेव्हा त्याचं कोपर दुखत होतं का हो?"

वहीतल्या कात्रणात तेवढं लिहिलेलं नाही, मी म्हटलं.