केडगावच्या बंदरात

केडगावला समुद्र नाही. नगर-पुणे रस्ता आहे, बायपास आहे, रेणुकामातेचे देऊळ आहे. पण समुद्र नाही. तरीसुद्धा चार-पाच महिने आमच्या घरात जहाजांशिवाय दुसरा विषय नव्हता. सकाळी चहाबरोबर स्कॉलरशिप, दुपारी आमटीबरोबर फेलोशिप आणि रात्री झोप उडवायला असिस्टंटशिप. एवढ्या 'शिपा' मुंबईच्या गोदीतसुद्धा एका वेळी लागत नसतील.

त्याचे असे झाले. आमचे शेंडेफळ पुण्याहून बी. ई. होऊन आले आणि ओट्यावर बसून शेंगा सोडता सोडता म्हणाले, "बाबा, मी ग्रॅज्युएट स्कूलला अर्ज करतेय. अमेरिकेत."

आमच्या मातोश्रींचे वय पंच्याऐंशी. त्यांना निवडक तेवढेच ऐकू येते. यातला 'स्कूल' हा एकच शब्द त्यांनी नेमका उचलला.

"परत शाळा? अगं, सोळावी झाली ना तुझी? नापास झालीस का?"

दुसऱ्या दिवशी दूध घालणाऱ्यापासून इस्त्रीवाल्यापर्यंत सगळे माझ्याकडे सहानुभूतीने पाहू लागले. एकाने तर, "होतं असं. हुशार पोरांचंच होतं," असे म्हणून पाठीवर हातसुद्धा ठेवला.

त्या शब्दाने सुरुवातीला माझाही गोंधळ उडाला होता, हे कबूल करतो. आपल्याकडे माणूस शिकतो आणि ग्रॅज्युएट होतो. तिकडे तो आधी ग्रॅज्युएट होतो आणि मग शिकायला लागतो. पदवी हातात पडेपर्यंत तो अंडरग्रॅज्युएट, त्यानंतर एम. एस. किंवा पीएच. डी. करतो तो ग्रॅज्युएट स्टुडंट, आणि ते खाते म्हणजे ग्रॅज्युएट स्कूल. मी तीस वर्षे सरकारी कचेरीत टेबलामागे बसून लोकांच्या अर्जांतल्या त्रुटी काढल्या. लाल शाईने 'खुलासा व्हावा' असे लिहिण्यात माझा हात धरणारा जिल्ह्यात दुसरा नव्हता. आता नियतीने अर्जाच्या पलीकडच्या बाजूला बसवले होते आणि खुलासा मलाच हवा होता.

पहिली ठेच लागली ती 'ट्यूशन' या शब्दाला. एका विद्यापीठाचे पत्र वाचून कन्या ओरडली, "बाबा, ट्यूशन वेव्हर देतात!"

"म्हणजे?"

"ट्यूशन माफ."

"मग त्यात काय? तुला कुठं कधी ट्यूशन लागली? आपली आपणच अभ्यास करायचीस की!"

तेव्हा तिने समजावले की तिकडे ट्यूशन म्हणजे संध्याकाळची शिकवणी नव्हे, तर शिकवण्याची फी. ती माफ झाली की बहुतेक गड सर झाला. बहुतेकच. कारण ट्यूशन माफ झाली तरी इतर 'फीया' राहतात आणि आरोग्य विम्याचे पैसे कधी ते देतात, कधी आपण. मी म्हटले, म्हणजे ही आपली नादारीच की! माझ्या वडिलांच्या पिढीत गरिबाच्या पोराची फी माफ झाली की त्याला नादारी म्हणत आणि ती मिळालेला पोरगा मान खाली घालून वर्गात बसे. आमच्या वेळी तिचे नाव फ्रीशिप झाले आणि ई. बी. सी.चा फॉर्म भरताना मान थोडी वर आली. आता ती 'वेव्हर' झाली तर लोक पेढे वाटतात. दारिद्र्य तेच, फक्त इंग्रजी सुधारले.

मग आला 'स्टायपेंड'. आमच्या सौभाग्यवतींचे माहेर गाईम्हशींचे. त्यांनी विचारले, "सरकीची का शेंगदाण्याची?" पेंड नव्हे, दरमहाचा भत्ता, हे कळल्यावर त्या म्हणाल्या, "एकच झालं. जनावराला जगवायला घालतात ती पेंड आणि विद्यार्थ्याला जगवायला घालतात ती स्टायपेंड." पुढे त्या रकमेवर तिकडे आयकरही लागतो असे समजले, तेव्हा त्यांची अमेरिकेविषयीची उरलीसुरली भक्तीही गेली.

'फेलोशिप'ने मला त्रास दिला नाही. आमचे हेडमास्तर ज्याला छडी मारायची त्याला 'फेलो' म्हणत. त्यामुळे मनात थोडी धाकधूक होती एवढेच. पण हा फेलो भाग्यवान. त्याला काम न सांगता पैसे देतात: तू फक्त अभ्यास कर. आपल्याला ही कल्पना नवी नाही. पेशवे श्रावणात विद्वानांना दक्षिणा वाटत. इंग्रजांनी पुढे त्याच दक्षिणेच्या पैशातून फेलो नेमले. न्यायमूर्ती रानडे हे असेच दक्षिणा फेलो होते. १९१३ साली बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले ते सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर, महिना साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे. परतल्यावर दहा वर्षे बडोद्याची चाकरी करण्याचा करार त्यासाठी त्यांना लिहून द्यावा लागला होता. साडेअकरा पौंडांत त्या माणसाने काय काय शिकून घेतले, हे पाहिले की हल्लीच्या सगळ्या रकमा मोठ्या वाटू लागतात.

राहिली असिस्टंटशिप. तिच्या दोन जाती. पोरांना शिकवायचे, त्यांच्या वह्या तपासायच्या, प्रयोगशाळेत उभे राहायचे ती टीचिंग. आणि प्राध्यापकाच्या संशोधनात राबायचे ती रिसर्च. आठवड्याला साधारण वीस तास. बदल्यात ट्यूशन माफ आणि वर स्टायपेंड.

"अगं, ही तर आपल्या कर्मवीर अण्णांची कमवा आणि शिका!" मी ओरडलो. भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि पोरांच्या हातात पुस्तकाबरोबर कुदळ दिली. अमेरिकेत कुदळीऐवजी लाल पेन देतात, एवढाच फरक. लाल पेन म्हटल्यावर मला मुलीच्या भवितव्याविषयी एकदम विश्वास वाटू लागला. रक्तातच आहे.

आता सगळ्या शब्दांतले सगळ्यात अवघड गणित सांगतो. दोन वर्षांच्या एम. एस.ला बहुधा आपल्या खिशातून जावे लागते आणि पाच-पाच वर्षांच्या पीएच. डी.ला, विज्ञान-इंजिनियरिंगात तरी, बहुधा त्यांच्या खिशातून. जास्त शिकाल तर फुकट, कमी शिकाल तर पैसे मोजा! किराणा दुकानात हा हिशेब कुणी मांडला तर लोक दुकानदाराला वेडा म्हणतील. आमच्या मुलीच्या हातात दोन्ही पत्रे आली. एका नामांकित विद्यापीठाचे एम. एस.: अभिनंदनाचे तीन परिच्छेद आणि मदत शून्य. दुसरे जरा कमी गाजलेल्या विद्यापीठाचे पीएच. डी.: ट्यूशन माफ, असिस्टंटशिप, पाच वर्षे. उत्तर १५ एप्रिलपर्यंत. पैशासह बोलावणाऱ्या विद्यापीठांनी आपसात ठरवून ही तारीख मुलांना दिली आहे म्हणे. तोपर्यंत उत्तरासाठी गळा धरायचा नाही.

मी जाहीर केले, "एम. एस. दोन वर्षांत घरी. पैशाचं मी बघतो."

आणि बँकेत गेलो. कोणत्या ते विचारू नका. साहेब तरुण होते, घाईत होते.

"काका, साडेसात लाखांच्या वर जातंय. कोलॅटरल किती आहे तुमचं?"

"दोनशे दहा," मी म्हणालो. "डॉक्टरांनी तूप बंद केलंय. पण औषध चालू आहे."

साहेबांनी बराच वेळ माझ्याकडे पाहिले. मग 'तारण' हा शब्द उच्चारला. हा शब्द आधी उच्चारला असता तर माझी तब्येत चव्हाट्यावर आली नसती. त्यानंतर 'मार्जिन' आले. ते वहीचा समास नव्हे, तर आपण स्वतः घालायचा वाटा. त्यानंतर 'मोरेटोरियम'. ते ऐकून मी अमरधामचाच विचार केला. पण त्याचा अर्थ असा की शिक्षण संपून वर एक वर्ष होईपर्यंत हप्ता नाही. "व्याज मात्र चालू राहील हं," साहेब म्हणाले. कर्ज झोपते, व्याज जागे असते. शेवटी घराचा उतारा आणायला सांगितला. त्यावर बोजा चढवावा लागणार होता.

बोजा. हा शब्द मात्र मला कुणी समजावून सांगावा लागला नाही.

मी नगरला बी. ए. झालो तेव्हा पुण्याला जाऊन एम. ए. करायचे मनात होते. वडिलांनी सोसायटीचे कर्ज काढावे एवढीच मागणी होती. ते उंबऱ्यावर बसले होते. सातबारा हातात धरून म्हणाले, "उताऱ्यावर बोजा नको." तीनच शब्द. मी नोकरीला लागलो, आणि पुढे त्यांच्याशी सगळे बोललो, हा विषय सोडून. ते गेले तेव्हाही राग पुरता गेला नव्हता.

त्या रात्री मी तसाच उंबऱ्यावर बसलो होतो, घराचा उतारा हातात धरून. दीड गुंठा, दोन खोल्या, मागाहून बांधलेली एक. इतर हक्कांचा रकाना कोरा होता. तो कोरा रकाना पाहताना वडिलांना त्या दिवशी काय वाटले असेल, ते मला पहिल्यांदा कळले. त्यांना माझे शिक्षण नको नव्हते. त्यांना भीती वाटत होती. मलाही वाटत होती. फरक इतकाच की मी ती मुलीला दाखवणार नव्हतो.

पण मुलगी शेजारी येऊन बसली. उतारा माझ्या हातातून घेऊन तिने घडी घातली.

"बाबा, मला पीएच. डी.च करायचीय. पहिल्यापासून. पाच वर्षं ऐकून तुम्ही आणि आई गप्प झालात म्हणून मी बोलले नाही."

"मग हे कर्ज..."

"आजोबांवरचा राग माझ्या कर्जावर नका ना काढू."

मी ही गोष्ट तिला कधी सांगितली नव्हती. मातोश्रींनी सांगितली असणार. त्यांना ऐकू कमी येते. सांगायला काही अडचण नाही.

मुदतीच्या तीन दिवस आधी होकार गेला. मग विद्यापीठाकडून तो प्रसिद्ध कागद आला. "आमची आय-ट्वेंटी आली," असे मी कोपऱ्यावरच्या दुकानात सांगितले, तेव्हा दुकानदाराने विचारले, "वा! कुठल्या रंगाची? ॲव्हरेज किती देते?" संध्याकाळपर्यंत तिघे जण गाडी पाहायला येऊन गेले.

मी तो कागद चष्मा लावून, जुन्या सवयीने, त्रुटी शोधत वाचला. वर्षाचा खर्च किती आणि तो कोण करणार, याचे रकाने होते. विद्यापीठ: इतके इतके डॉलर. कुटुंब: शून्य. तीस वर्षे मी दुसऱ्यांच्या कागदांवर शून्ये मांडली. आपल्या नावाचे शून्य पहिल्यांदाच पाहिले. सुटका झाल्यासारखे वाटले आणि त्याच वेळी, खरे सांगतो, थोडा अपमानही वाटला. खुलासा व्हावा, असे लिहायला हात शिवशिवला.

मग समजले की तिकडे पहिला स्टायपेंड महिन्याच्या शेवटी मिळतो. तोपर्यंत खोलीचे डिपॉझिट आहे, भांडी आहेत, पोट आहे. विमानाचे तिकीट तर कुठल्याच 'शिपे'त बसत नाही. मी गुपचूप एक मुदत ठेव मोडली. जायच्या आदल्या दिवशी देवीला जाऊन आल्यावर पाकीट तिच्या हातात ठेवले.

तिने आत पाहिले. "बाबा, हे काय? लोन का ग्रँट?"

शब्दांची सगळी जहाजे डोळ्यांसमोरून गेली. एकही उपयोगाचे नव्हते.

"खाऊचे पैसे," मी म्हणालो. "याला रकाना नसतो."