वाटेवरचा हक्क

अब्बा गेल्या उन्हाळ्यात दोन महिन्यांसाठी आमच्याकडे ब्लॅकबर्नला आले. चिपळूण तालुक्यातल्या शाळेत त्यांनी तीस वर्षं मास्तरकी केली, तीही रोज सायकलवरून जाऊन-येऊन. आता गुडघे साथ देत नाहीत. जवळच डार्वेनचा डोंगर आहे. माथ्यावर १८९८ साली बांधलेला दगडी बुरूज आहे. तो राणी व्हिक्टोरियाच्या कारकिर्दीच्या साठ वर्षांची आठवण, आणि गावकऱ्यांनी भांडून मिळवलेल्या या माळावर फिरण्याच्या हक्काचीही. अब्बांना तिथे जायचं होतं.

ह्यांनी त्यांच्यासाठी इलेक्ट्रिक सायकल भाड्याने आणली. मोटर २५० वॅटची, पॅडल मारलं तरच जोर देणारी आणि ताशी सुमारे २५ किलोमीटरच्या पुढे साथ सोडणारी असेल, तर इथला कायदा तिला साधी सायकलच मानतो. लायसन्स नको, फक्त वय चौदा पूर्ण हवं. त्यामुळे चढावर माझा बारा वर्षांचा मुलगा साध्या सायकलवर घामाघूम, आणि नाना त्याच्या पुढे! ‘हे चीटिंग आहे, नाना!’ अब्बांना इतकं हसताना मी कित्येक वर्षांनी पाहिलं.

उतरताना घोळ झाला. वळणावर समोरून एक बाई घोड्यावरून आल्या. अब्बांनी सवयीने घंटी वाजवली. घोडा बिथरला आणि आडवा झाला. बाईंनी कसाबसा सावरला. ‘असल्या मोटरच्या सायकली इथे आणता कशाला?’ त्या रागावल्या.

माझ्याकडे उत्तर तयार होतं. ती वाट ‘ब्रायडलवे’ होती, म्हणजे पायी चालणारे, घोडेस्वार आणि १९६८ च्या कायद्यापासून सायकलवाले, सगळ्यांची. मी तोंड उघडणार, तोच अब्बा सायकलवरून उतरले, माफी मागितली आणि घोडा लांब जाईपर्यंत बाजूला उभे राहिले.

घरी येऊन मी तो कायदा पुन्हा वाचला. हक्क देणाऱ्या त्याच कलमात अटही होती: सायकलवाल्याने पायी चालणाऱ्याला आणि घोडेस्वाराला आधी वाट द्यावी. मला हक्क पाठ होता, अट नव्हती.

‘बेटा, स्वाराने पायी चालणाऱ्याला आधी सलाम करावा, हे आपल्या घरात लहानपणीच शिकवतात,’ अब्बा म्हणाले. ‘घोडा तर मुका जीव. सायकल परत करा. माझ्या हौसेपायी कुणी पडलं असतं तर?’

दोन दिवस त्यांनी डोंगराचं नाव काढलं नाही. मग ह्यांनी घोडे पाळणाऱ्या एका ओळखीच्या माणसाला विचारलं. तो म्हणाला, घंटीपेक्षा माणसाचा आवाज बरा. लांबूनच वेग कमी करा, बोला, स्वाराने खूण केली की मगच अंतर ठेवून हळू पुढे जा. आणि ही सायकल जड असते, म्हणून उतारावर ब्रेक वळणाच्या आधीच दाबा.

पुढच्या रविवारी मोठ्या मिनतवारीने अब्बांना नेलं. समोरून दोन घोडे आले. अब्बा लांबूनच थांबले आणि वर्गात हजेरी घ्यावी तशा खणखणीत आवाजात म्हणाले, ‘गुड मॉर्निंग!’ स्वार मुलीने हसून हात केला. घोडे शांतपणे निघून गेले.

बुरुजाशी पोहोचल्यावर मुलगा म्हणाला, ‘नाना, मी चौदाचा झालो की मलाही अशी सायकल हवी.’

‘आधी घोड्यांशी बोलायला शीक,’ अब्बा म्हणाले.