काळा पडलेला फेल्डस्पार

भूशास्त्राला प्रवेश घेतला तेव्हा घरी येणारा प्रत्येक पाहुणा विचारायचा, "म्हणजे पाणाड्या होणार का?" पुढे ग्रहविज्ञानाचा पेपर निवडल्यावर प्रश्न बदलला, "मग आता इस्रोत का?" खरं सांगायचं तर पहिला प्रश्नच आमच्या शिक्षणाच्या जास्त जवळचा होता. ग्रहविज्ञान म्हणून आम्ही जे केलं, त्यात आकाशाकडे पाहणं फार कमी आणि दगड घासणं फार जास्त.

पहिल्या तासाला सरांनी टेबलावर ठेवला तो साधा काळा बेसॉल्ट, पुण्यात कुठल्याही टेकडीवर मिळतो तसा. चंद्रावर दिसणारे काळे डाग याच जातीच्या खडकाचे, मंगळाचा पृष्ठभागही बराचसा याचाच. "महाराष्ट्रात जन्मलात, निम्मा अभ्यास झालाय," सर म्हणाले. उरलेला निम्मा मात्र त्यांनी पुरता वसूल केला.

वसुली मुख्यतः थिन सेक्शनच्या रूपात. खडकाची चकती कापायची, काचेवर कार्बोरंडमची पूड आणि पाणी घेऊन घासायची, स्लाइडला चिकटवायची आणि दुसऱ्या बाजूनं पुन्हा घासायची, जाडी ०.०३ मिलीमीटर होईपर्यंत. ती मोजायला पट्टी चालत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही पोलरायझर एकमेकांशी काटकोनात लावून प्लॅजिओक्लेज फेल्डस्पार या खनिजाचा रंग पाहायचा. पिवळट दिसला तर अजून जाड आहे, राखाडी आला की थांबायचं. पुढे चार हात जास्त फिरले तर खडक पाण्याबरोबर मोरीत. पण जमलेली स्लाइड पाहिली की बोटांची आग विसरायला होतं. हातात काळाठिक्कर असलेला तो दगड आत निळा, नारिंगी, जांभळा निघतो. हे रंग पायरॉक्झीन या खनिजाचे. मध्ये फेल्डस्पारच्या काड्या, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या. स्टेज फिरवला की काळा पट्टा पांढरा होतो, पांढरा काळा.

मग विभागाच्या जुन्या संग्रहातली लोणारच्या विवराची एक स्लाइड हाती आली. साध्या प्रकाशात सगळं नेहमीचं, काड्यांचे आकार जसेच्या तसे. पोलरायझर लावला आणि काड्या काळ्या झाल्या. स्टेज पूर्ण फिरवला, तरी काळ्याच. आकार स्फटिकाचा, पण आतली रचना मोडून काच झालेली. हे मास्केलिनाइट. ज्वालामुखीच्या उष्णतेनं असं होत नाही, त्याला आघाताचा प्रचंड दाब लागतो. मास्केलिनाइट हे नाव १८७२ मध्ये खनिजशास्त्रज्ञ चेरमाक यांनी ठेवलं, ते ब्रिटिश म्युझियमच्या मास्केलिन यांच्यावरून. आणि ज्या उल्केत ते सापडलं ती १८६५ मध्ये बिहारमधल्या शेरघाटीला पडली होती. ती उल्का मंगळावरची, हे कळायला पुढे शतकभर जावं लागलं. १९७३ मध्ये लोणारच्या खडकांत मास्केलिनाइट सापडल्याचं प्रसिद्ध झालं आणि एवढी वर्षं अनेकांनी ज्वालामुखीचं मुख मानलेलं हे विवर अशनीपाताचं ठरलं. विष्णूनं लवणासुराला मारलं ती ही जागा, असं लोणारचे लोक सांगतात. वरून काहीतरी जोरात आदळलं, एवढ्या मुद्द्यावर दोन्ही पक्षांचं एकमत आहे.

लोणारच्या फील्डला हातोडे बसमध्येच राहिले. तिथे अभयारण्य आहे, दगड फोडायचा नाही, उचलायचाही नाही. काहीजण हिरमुसले. मला ते बरं वाटलं, कारण हातोडा नसला की माणूस नीट बघतो. जवळपास १.८ किलोमीटर व्यासाचं ते विवर पाहून सगळे आधी फोटो काढतात, आम्हीही काढले. मग सोबत आलेल्या मॅडमनी आम्हाला विवरातल्या तळ्याकडे पाठ करायला लावली आणि काठावरचे लाव्हाचे थर दाखवले. दख्खनमध्ये थर कसे, सह्याद्रीत पाहावेत तसे, जवळजवळ आडवे. इथे ते विवरापासून बाहेरच्या बाजूला कललेले. ब्रंटन होकायंत्र लावून कल घ्यायचा, वहीत लिहायचा, दहा पावलं पुढे जायचं. उन्हात हे कंटाळवाणं काम आहे, पण फोटोत न दिसणारी गोष्ट तीच होती: काठ आतून वर उचलून बाहेर उलथला गेलाय.

विवराच्या वयाचा घोळ मात्र मिटला नाही. आघातात तयार झालेल्या काचेचं थर्मोल्युमिनेसन्सनं वय येतं सुमारे ५२ हजार वर्षं, आर्गॉन पद्धतीनं सुमारे ५ लाख ७० हजार. दहापटीहून जास्त फरक! काचेत मूळ बेसॉल्टचा जुना आर्गॉन अडकून राहिला तर वय फुगू शकतं. उलट काच नंतर कधी तापली तर थर्मोल्युमिनेसन्सचं घड्याळ पुन्हा शून्यावर येतं. मी आर्गॉनच्या बाजूनं होतो, माझा रूम पार्टनर विरुद्ध, आणि परतीच्या बसमध्ये आम्ही मेहकर येईपर्यंत भांडलो. परीक्षेत नेमकं काय लिहायचं, असं कुणीतरी मॅडमना विचारलंच.

"दोन्ही आकडे लिहा," त्या म्हणाल्या. "पद्धत लिहिली नाही तर मात्र शून्य."